एप्रिलमधलं अळू

मराठवाड्यातल्या एका विद्यापीठात मी कनिष्ठ अभियंता आहे. वसतिगृहांचं पाणी, ड्रेनेज, गळती, फुटक्या फरश्या हे सगळं माझ्याकडे. २०२४ च्या एप्रिलमध्ये माझ्या टेबलावर एक अर्ज आला: मुलांच्या वसतिगृहाला रोज चौथा टँकर मंजूर करावा.

मी आकडेमोड करायला बसलो. राहणारी मुलं २४०. विहिरीचं पाणी २० हजार लिटर, वर १० हजार लिटरचे तीन टँकर, म्हणजे दिवसाला ५० हजार. वसतिगृहाला माणशी १३५ लिटर पाणी धरतात. त्या हिशेबानं साडेबत्तीस हजारात भागायला हवं. इथं माणशी दोनशेच्या वर जात होतं आणि तरी संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावर तोटी कोरडी! मुलं पाण्याची नासाडी करतात, असं ऑफिसात सगळेच म्हणत होते. मला ते पटेना. ज्या पोरांना आंघोळीला बादलीभर पाणी मिळत नाही, ती नासाडी कशाची करणार?

राष्ट्रीय सेवा योजनेची आठ मुलं मदतीला तयार झाली. परीक्षा तोंडावर होत्या, तरी आली. त्यातला एक लातूरचा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा हा शाळेत होता. "सर, त्या साली आई कपडे धुतलेलं पाणी संडासाला ठेवायची," एवढंच तो म्हणाला आणि वही घेऊन तळमजल्यावर जाऊन बसला.

योजना सोपी होती. रात्री एक ते चार पाण्याचा वापर जवळजवळ थांबतो. तेवढ्या वेळात पंप बंद, गच्चीवरच्या टाकीत येणारा व्हॉल्व्ह बंद. मग पातळी उतरली तर पाणी कुठंतरी वाहतंय हे नक्की. टाकी आतून चार मीटर बाय तीन मीटर. पातळी एक सेंटिमीटर उतरली की १२० लिटर गेले. प्रत्येक मजल्यावर दोघं बसले आणि कोणी संडासात गेलं की वहीत रेघ ओढत राहिले.

एक वाजता टाकीत पट्टी सोडून खूण केली. चार वाजता पुन्हा पट्टी सोडली आणि टॉर्च मारला. पातळी २० सेंटिमीटर खाली. मला वाटलं, पट्टी तिरकी धरली गेली. पुन्हा मोजलं, मुलांनाही मोजायला लावलं. वीसच. चोवीसशे लिटर! चारही वह्यांत मिळून रेघा होत्या चोवीस. एका वापराचे दहा लिटर धरले तरी २४०. उरलेले २,१६० लिटर तीन तासांत सगळी झोपलेली असताना गेले होते. म्हणजे दिवसाला सतरा हजारांवर. जवळपास पावणेदोन टँकर.

गळती होती कुठं? पहाटेच मेसच्या आचाऱ्याकडून खाण्याचा लाल रंग घेतला. अठ्ठेचाळीस फ्लश टँकमध्ये चिमूट चिमूट टाकला आणि वीस मिनिटं कोणालाही फ्लश ओढू दिला नाही. नंतर मुलं एकेक दार उघडत निघाली. सतरा भांड्यांमध्ये कडेनं लाल ओघळ उतरत होते. केसाएवढी बारीक धार, आवाज नाही, थेंब नाही. आत सायफनचं रबरी वॉशर झिजलेलं. रंग टाकला नसता तर ही धार दिसलीच नसती. खेरीज नऊ तोट्या गळत होत्या. त्यातल्या एकीखाली लिटरची बाटली धरली, ती चार मिनिटांत भरली.

तरी हिशेब जुळेना. तासाला दीड-दोनशे लिटरची तूट राहत होती.

साडेसहाला सफाईच्या मावशी आल्या. मुलांच्या हातातले टॉर्च, माझे सुजलेले डोळे पाहून त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी बादली खाली ठेवली आणि म्हणाल्या, "साहेब, मागं चला."

इमारतीच्या मागे, जुन्या बंद न्हाणीघराच्या भिंतीला लागून अळू होतं. आसपासचं गवत वाळून गेलेलं आणि इथं सुपाएवढी हिरवीगार पानं. मावशींनी चपलेनं माती दाबली, पाणी वर आलं. "पाऊस नाही, कोणी शिंपत नाही, मग अळू जगतंय कशावर? तीन वर्षं मी ह्याच्या वड्या करते. मागच्या साहेबांना एकदा बोलले होते."

खणलं तेव्हा न्हाणीघराला जाणारा जुना पाइप सांध्याला सुटलेला निघाला. न्हाणीघर बंद झालं, पण त्याची लाइन कोणी तोडली नव्हती.

मला त्या सकाळी फार लागलं ते हे: तक्रार वहीत चौदा महिन्यांत ह्याच वसतिगृहाच्या एकतीस नोंदी होत्या. "फ्लश गळतो", "तोटी बंद होत नाही". मुलांनी लिहिलं होतं, रेक्टरांनी सही केली होती, पुढं काहीच नाही. कारण काही रुपयांच्या वॉशरसाठीही मागणीपत्र, दरपत्रकं आणि मंजुरी लागत होती आणि टँकरचं बिल मात्र तातडीची बाब म्हणून लगेच निघत होतं. पर्यावरणासाठी सौर पॅनेल हवेत, झाडंही लावायलाच हवीत, त्यासाठी मी स्वतः राबलो आहे. पण प्लंबरच्या हातात वॉशर, स्पिंडल, टेफ्लॉन टेप यांचा साठा आणि थोडी किरकोळ खर्चाची रक्कम नसेल, तर परिसरातलं पाणी वाचत नाही. मी तेच टिपण लिहिलं, सोबत रात्रीच्या वह्यांच्या प्रती जोडल्या. कुलसचिवांनी ती रक्कम मंजूर केली.

दुरुस्तीला सहा दिवस लागले. सातव्या रात्री पुन्हा एक ते चार. लातूरच्या मुलाचा दुसऱ्या दिवशी पेपर होता, त्याला मी येऊ नको म्हटलं होतं. तो चारला गच्चीवर हजर. पट्टी त्यानंच सोडली. पाच सेंटिमीटर. त्यानं तिथंच गुडघ्यावर वही ठेवून मुलांच्या वापराचे २४० लिटर वजा केले, भागाकार केला आणि मला दाखवला: तासाला ७२० लिटरवरून १२० वर. त्या आठवड्यात एक टँकर बंद केला. तिसऱ्या मजल्यावर संध्याकाळीही पाणी चढलं.

तक्रार वहीचं काय करायचं, हे मावशींनी सुचवलं. त्यांना लिहिता येत नाही. जुन्या लाल साडीच्या चिंध्या त्यांनी कपाटात ठेवल्या आहेत. गळती दिसली की त्या तिथं चिंधी बांधतात, मुलंही बांधतात. काम झालं की प्लंबर ती सोडून कपाटात परत ठेवतो. चिंधी दोन दिवसांच्या वर राहिली तर मावशी मला फोन करतात.

परवा फेरी मारली तेव्हा दुसऱ्या मजल्यावर दोन चिंध्या होत्या. एक त्याच सकाळची, एक आदल्या दिवशीची. मी तिथूनच प्लंबरला फोन लावला.