तीर्थनच्या पाण्यातला माझा पहिला ट्राउट

रेवदंड्याच्या खाडीवर मामा मला गरवायला न्यायचा तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन. गरीला कोळंबी लावायची, दोर सोडायचा आणि खडकावर बसून राहायचं. मासा धरणं म्हणजे बसून राहणं, हे तेव्हापासून डोक्यात इतकं घट्ट बसलेलं की हिमाचलात तीर्थन नदीच्या काठावर उभी राहीपर्यंत त्यावर कधी शंकाच आली नाही.

ऑक्टोबरचा तिसरा आठवडा होता. हंगामाचे शेवटचे दिवस. १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउट या थंड पाण्यातल्या माशाची मासेमारी बंद असते, कारण थंडीत ब्राउन ट्राउट अंडी घालतात. मी मुद्दाम हीच वेळ धरली. पावसाने गढूळ झालेलं पाणी तोवर निवळतं आणि तळाचे गोटे एकेक करून मोजावेत इतकं नितळ होतं. मनालीच्या रस्त्यावर औटला, बोगद्याच्या अलीकडे, लारजीकडे वळलो. पुढे बंजार आणि मग नागिणी. मत्स्य विभागाचा परवाना आधी काढला. तो दिवसाच्या हिशोबाने मिळतो, आणि तो खिशात असल्याशिवाय रॉड बाहेर काढायचाच नाही.

सोबत गावातलाच एक तरुण वाटाड्या होता. फ्लाय, म्हणजे पिसांचा केलेला किड्यासारखा हलका गळ, टाकायला हात बसावा लागतो; नवख्याने स्पिनरने सुरुवात करावी, असं त्याचं म्हणणं. मला पटलं. स्पिनर म्हणजे तारेभोवती गरगरणारं छोटं पितळी पातं आणि मागे गळ. पाण्यात ते चकाकलं की ट्राउटला इवली मासोळी पळतेय असं वाटतं. त्याने पकडीने गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा दाबून सपाट केला, म्हणजे मासा सोडताना तोंड फाटत नाही. मी रॉड उचलला तर म्हणाला, “दीदी, पहले पानी देखो.”

अर्धा तास आम्ही नुसतं पाणी पाहिलं. तो अर्धा तास हाच या सगळ्या शिकण्याचा गाभा, असं मला आज वाटतं. ट्राउट नेहमी प्रवाहाच्या उलट तोंड करून राहतो. खाणं वरून वाहत येतं, म्हणून नजर वर. पण जोरदार धारेत सतत पोहायचं तर ताकद जाते, म्हणून तो मोठ्या दगडाच्या आडोशाला थांबतो आणि शेजारच्या धारेतून किडा आला की झडप घालून परत जागेवर येतो. हे एकदा कळलं की नदी वेगळीच दिसायला लागते. नुसता फेस आणि खळखळाट वाटत होता तिथे जागा दिसू लागल्या: हा आडोसा, ही दोन धारांमधली शिवण, ही काठाखालची पोकळी. आणि तो प्रवाहाच्या वरच्या अंगाला बघतोय म्हटल्यावर आपण खालच्या अंगाने यायचं, वाकून, सावली पाण्यावर पडू न देता. स्पिनर वरच्या अंगाला टाकायचा आणि प्रवाहापेक्षा जरा जास्त वेगाने गुंडाळायचा. वेग कमी पडला की तो बुडून दगडात अडकतो.

माझे दोन स्पिनर पहिल्याच दिवशी असे गेले. एका सुंदर डोहावर मी सूर्य पाठीशी घेऊन सरळ उभी राहिले, आणि पाण्यातल्या तीन माशांच्या काळ्या रेघा क्षणात दिसेनाशा झाल्या. संध्याकाळी पिंढऱ्या ठणकत होत्या. बसून राहणं यात नव्हतंच. एका जागी पाच-सहा फेकी, मग पुढचा दगड.

रात्री वाटाड्याने सांगितलं, हा मासा इथला नव्हे. १९०९ साली ब्रिटिशांनी कुल्लू खोऱ्यात आणला. पण नदी मात्र इथल्यांनी राखली. वीजप्रकल्पांना लोकांनी विरोध केला म्हणून तीर्थन अजून मोकळी वाहते. हे मला फार मोलाचं वाटलं. रेवदंड्याच्या खाडीला मिळणाऱ्या आमच्या कुंडलिका नदीचं पाणी कसं झालंय हे पाहिलेल्या माणसाला तर वाटणारच.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन डोहावर यायच्या आत, मोठ्या करड्या दगडाच्या अंगाने स्पिनर ओढत असताना हाताला थड्‌ असा एक ठोका बसला. मग दोर बाजूला धावला. मी रॉड उभा धरला, घाई केली नाही.

जाळीत आला तेव्हा वीतभराहून थोडा मोठा. हात आधी पाण्यात बुडवून घेतले, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. पोटाकडे लोण्यासारखा पिवळा रंग, पाठीवर काळे ठिपके आणि कुशीवर लाल, प्रत्येक लाल ठिपक्याभोवती फिकट निळसर कडं. कल्ले उघडझाप करत होते. मी त्याला प्रवाहाकडे तोंड करून पाण्यात धरलं. पाच-सहा श्वास. मग शेपटीचा एक फटका बसला आणि ओंजळ रिकामी झाली.

रेंज आल्यावर मामाला फोन लावला. तो आता ऐंशीच्या घरात आहे. आमिष काय, दोर किती, सगळं विचारलं. मासा दगडाच्या आड, प्रवाहाकडे तोंड करून होता म्हटल्यावर क्षणभर गप्प झाला.

“अगं, ओहोटीला जिताडा पुलाच्या खांबाआड तसाच उभा असतो,” तो म्हणाला. “म्हणून तर आपण त्या खांबाजवळच्या खडकावरच बसायचो.”