तुम्ही विचारलंत म्हणून: मैफिलीतली रात्र कुठे गेली?

डिसेंबर उजाडला, दादर-पार्ल्याकडचे संगीत महोत्सव सुरू झाले की हा प्रश्न हमखास येतो. मध्यंतरात, हातात चहाचा कप घेऊन, साठीच्या पुढचं कुणीतरी विचारतं, "पूर्वी लोक रात्र रात्र बसायचे हो. आता नऊ वाजले की चुळबुळ सुरू. गाण्याची आवडच कमी झाली का?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आवड कमी झाली, हे मला मान्य नाही. गर्दी बदलली हे खरं, वातावरण बदललं हेही खरं. पण त्याचा दोष श्रोत्याला देण्याआधी भिंतीवरचं घड्याळ, लोकलचं वेळापत्रक आणि सतरंजीच्या जागी आलेली खुर्ची, एवढ्या तीन गोष्टी बघाव्या लागतात.

मुंबईतली रात्रभराची मैफल लोकलने बांधून ठेवलेली होती. शेवटची गाडी साधारण एकच्या सुमारास सुटते, पहिली चारनंतर. गिरगावात गाणं ऐकायला आलेल्या बोरिवलीकराची शेवटची गाडी गेली की मधले तीन तास तो कुठे जाणार? टॅक्सी परवडणारे थोडे. बाकीचे बसायचे, आणि बसले म्हणजे ऐकायचे. आयोजकांनाही हे पक्कं ठाऊक असे. म्हणून तरुण कलाकार साडेनऊ-दहाला, मधे वादन, आणि ज्यांच्यासाठी मंडप भरला ते बुजुर्ग दीड-दोनला. तोवर नुसते डोकावायला आलेले घरी गेलेले असत. उरलेल्यांपैकी कुणालाच घाई नसे, आणि गाणाऱ्यालाही ते समोर दिसत असे. विलंबित एकतालाचं, म्हणजे संथ लयीतल्या बारा मात्रांच्या तालाचं, एक आवर्तन मिनिटभराचं घेतलं तरी समोर कुणी घड्याळ बघत नाही, ही खात्री गाण्यात उतरते. ज्याला आपण 'ते वातावरण' म्हणतो त्यातला मोठा भाग हा होता.

मग २००० साली केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. जुलै २००५मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्यांची अंमलबजावणी कडक झाली. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२पर्यंत सूट देण्याची मुभा राज्य सरकारला आहे, पण ते दिवस गणपती, नवरात्र, शिवजयंती, ३१ डिसेंबर यांतच खर्च होतात. शास्त्रीय संगीताच्या महोत्सवाला त्यातून क्वचितच काही मिळतं. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३पासूनचा. तोही रात्र जागवायचा, आणि तोही याच नियमामुळे दुपारकडे सरकला.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. बंद सभागृहात, आवाज आतल्या आत राहणार असेल, तर हा दहाचा नियम लागत नाही. तरीही सभागृहातला कार्यक्रम दहाच्या आसपासच संपतो, कारण नाट्यगृह सत्रावर मिळतं. सकाळ, दुपार, रात्र, आणि प्रत्येक सत्राची वेळ बांधलेली. वेळ उलटली की जादा भाडं, आणि पडदा-दिवे सांभाळणाऱ्या कामगारांनाही घर गाठायचं असतं. म्हणजे उघड्यावर कायदा आणि आत भाडेपत्रक.

नियम चुकीचा आहे, असं मी कधीच म्हणणार नाही. ज्या गल्लीत मंडप पडतो तिथे आजारी माणसं असतात, परीक्षेची मुलं असतात. मात्र नियमाने काय गेलं, त्याची नोंद ठेवायला हवी. गेले ते राग, कारण प्रत्येक रागाची गाण्याची वेळ परंपरेने ठरलेली असते. संध्याकाळी साडेपाचला सुरुवात केली की मुलतानी, मधुवंती, मग मारवा, श्री, पूरिया धनाश्री, पुढे यमन, भूप, शुद्ध कल्याण, नऊच्या सुमारास बिहाग, केदार, बागेश्री. दरबारीला खरं तर अर्ध्या रात्रीची शांतता हवी. तो आता साडेनऊला, घाईत, बाहेर रिक्षांचे हॉर्न वाजत असताना गायला जातो. सोहोनी, परज, ललत, भटियार हे उत्तररात्रीचे आणि पहाटेचे राग महोत्सवाच्या संध्याकाळी जवळपास ऐकूच येत नाहीत. तिशीतल्या श्रोत्याने पहाटेचे राग मोबाइलवर ऐकलेले असतात, समोर बसून फारसे नाहीत. भैरवी तेवढी टिकली, कारण कोणत्याही वेळी तिने समारोप करण्याची पद्धत आहे.

आता संध्याकाळचा हिशेब मांडून दाखवते, म्हणजे शेवटचा कलाकार का चेपला जातो ते कळेल. साडेपाच ते दहा म्हणजे २७० मिनिटं. दीपप्रज्वलन, मनोगत, सत्कार मिळून २५. तीन कलाकार, म्हणजे रंगमंचाची मांडणी दोनदा बदलायची, प्रत्येकी १५ मिनिटं धरून ३०. मध्यंतर २०. उरली १९५. पहिल्याला ५०, दुसऱ्याला ६०, ज्येष्ठांना ८५. कागदावर छान दिसतं. प्रत्यक्षात पाहुण्यांची गाडी अडकते, सुरुवातीलाच १५ मिनिटं जातात. पहिला कलाकार टाळ्या ऐकून १० मिनिटं जास्त घेतो. माइकची एक वायर खरखरते, तिची १०. ऐनवेळी कुणाच्या तरी हस्ते आणखी एक शाल-श्रीफळ, त्याची १०. झाली ४५, आणि ती सगळी ज्येष्ठांच्या वाट्यातून जातात. ज्या ख्यालाला, म्हणजे रागाच्या विस्तृत गायनाला, नुसत्या विलंबितासाठी ३५-४० मिनिटं लागतात, तो पूर्ण ४० मिनिटांत उरकायचा. लोक उठतात ते इथे. समोरचा माणूस घड्याळाकडे बघत गातोय, हे शेवटच्या रांगेलाही समजतं.

यावर उपाय आहेत आणि ते फुकट आहेत. सत्कार आणि भाषणं मध्यंतराला चिकटवायची, सुरुवातीला फक्त दीप. दुसऱ्या कलाकाराचे तानपुरे पहिल्याचं गाणं चालू असतानाच ग्रीनरूममध्ये लावून ठेवायचे, मग १५ मिनिटांची मांडणी सात मिनिटांत बसते. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, ज्येष्ठ कलाकार शेवटीच बसले पाहिजेत, हा हट्ट सोडायचा. तो मान रात्र मोठी होती तेव्हाचा. आज त्यांना मध्यंतरानंतर लगेच बसवलं तर पूर्ण ८५ मिनिटं मिळतात. समजावून सांगितलं तर बहुतेक कलाकार ऐकतात, कारण चेपलं जाण्याचं दुःख त्यांनाच जास्त असतं.

हे फक्त शास्त्रीय संगीताचं झालं, असंही नाही. धोबीतलावचं रंगभवन आठवा. उघडं प्रेक्षागृह, १९७८ची पहिली जॅझ यात्रा तिथली, १९८६पासूनचा इंडिपेन्डन्स रॉक हा रॉक संगीताचा महोत्सवही तिथला. शेजारी कॉलेज, हॉस्पिटलं. शंभर मीटरचा शांतता क्षेत्राचा नियम आला आणि तिथलं संगीत थांबलं. गाडीतून उतरून पाच मिनिटांत पोचणारी, खिशात थोडेच पैसे असलेली जी कॉलेजची गर्दी तिथे जमायची, तिला तसं मध्यवर्ती ठिकाण पुन्हा मिळालं नाही. आता महालक्ष्मी रेसकोर्सवर २०२३पासून लोलापालूझा हा पाश्चात्य धाटणीचा संगीत महोत्सव होतो. दुपारी सुरू, रात्री दहाला बंद, मनगटावर पट्टी, महागडं तिकीट. ती गर्दी वेगळीच आहे, आणि वेगळी असणारच.

आता बैठक. वातावरणाचा विषय निघाला की आवाज आणि कलाकार यांवर खूप बोललं जातं, बैठकीवर कुणी बोलत नाही. मला ती सगळ्यांत मोलाची वाटते. जाजम अंथरलेल्या भारतीय बैठकीत माणसाला सुमारे पाच चौरस फूट पुरतात. खुर्चीला पुढची-मागची जागा धरून सात ते आठ. वीस बाय तीसचा मंडप म्हणजे ६०० चौरस फूट. वाटांसाठी १५० सोडले तर बैठकीवर ९० माणसं मावतात, खुर्च्यांवर साठेक. पण आकड्यापेक्षा मोठा फरक पुढे आहे. बैठकीवर मूल आईच्या मांडीवर झोपतं. ते कानावर गाणं पडत पडत झोपतं, मधेच जागं होऊन तबल्याकडे बघतं, पुन्हा झोपतं. खुर्चीवर मुलाला झोपता येत नाही, म्हणून ते रडतं, म्हणून पुढच्या वेळी आईवडील त्याला आणत नाहीत, आणि बऱ्याचदा दोघांपैकी एकच येतं. सभागृहातले केस पांढरे दिसतात, त्याचं एक कारण हे आहे.

खुर्च्या काढून टाका, असं मी म्हणत नाही. श्रोत्यांचे गुडघे साठीचे झाले आहेत. सगळ्यांत पुढे बैठकीचे तीन-चार पट्टे, दोन्ही कडांना आणि मागे खुर्च्या, मधे चार फुटांची वाट, ही मांडणी चांगली चालते. चूक होते ती पुढची गादी प्रायोजकांच्या पाहुण्यांसाठी राखून ठेवण्यात. फुकटचे पास असतात, त्यातले कितीतरी येतच नाहीत, आलेले मध्यंतरात जातात, आणि कलाकारासमोर रिकामी पांढरी चादर उरते. राखीव जागा पहिला कलाकार बसल्यावर दहा मिनिटांनी खुली करायची, असं पासावरच छापावं. तिकीट शंभर रुपयांचं असलं तरी असावं. पैसे दिलेला माणूस येतो.

आवाजाबद्दल थोडंसंच. मंचाच्या दोन बाजूंना दोन मोठे स्पीकर लावून मागच्यांना ऐकवायचा प्रयत्न केला की पुढच्यांचे कान बसतात, आणि शेजारच्या इमारतीतून तक्रार येते ती वेगळीच. शिवाय आवाज मोठा असला की लोक आपसात बोलतात, कारण आपलं बोलणं कुणाला ऐकू जाणार नाही असं वाटतं. लहान स्पीकर जास्त ठिकाणी लावावेत. पण मधल्या स्पीकरला डिले द्यायला, म्हणजे त्यातला आवाज किंचित उशिराने सोडायला, विसरू नये. ध्वनीला एक मीटर जायला साधारण तीन मिलिसेकंद लागतात. मंचापासून १५ मीटरवरच्या स्पीकरला ४४ मिलिसेकंदांचा डिले दिला नाही, तर तबल्याचा 'ना' दोनदा वाजल्यासारखा येतो, आणि मागच्यांना का कंटाळा आला हे त्यांनाही सांगता येत नाही. मुंबईच्या दमट हवेतून वाद्यं थेट एसीत आणली की तबल्याची पुडी, म्हणजे वरचं चामडं, सुकून स्वर चढतो, तानपुऱ्यांचेही स्वर हलतात. म्हणून वाद्यं पाऊण तास आधी मंचावर, एसी चालू करून.

मोबाइलचं म्हणाल, तर सुरुवातीला एकदाच, स्पष्ट सूचना द्यावी, आणि आलाप चालू असताना दार उघडू नये. उशिरा आलेल्यांना दोन बंदिशींच्या मधे सोडावं. एवढं केलं तरी पुरतं.

गर्दी कुठे गेली, याचं एक साधं उत्तर राहिलंच. ती गाडीत बसून उत्तरेला आणि पूर्वेला गेली. गिरगाव, दादर, परळच्या चाळींतली कुटुंबं बोरिवली, विरार, ठाणे, डोंबिवलीला राहायला गेली. कामाच्या दिवशी सहा वाजता प्रभादेवीला त्यांना बोलावून कसं चालेल? दिवाळी पहाटेला हीच माणसं डोंबिवलीत फडके रोडवर नटूनथटून दिसतात, ठाण्यात पहाटे रांगा लावतात. तिथे ख्याल कमी आणि भावगीतं-नाट्यगीतं जास्त, हे कबूल. पण पहाटे पाचला उठून गाण्याला जायची तयारी त्यांच्यात आहे, हे तर दिसतंच.

म्हणून मला आशा सकाळच्या सत्राची वाटते. लाउडस्पीकर सकाळी सहाला कायद्याने सुरू करता येतो. जूनमध्ये मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, तेव्हा त्याचा काही उपयोग नाही. पण डिसेंबर-जानेवारीत सूर्योदय सात ते सव्वासातला असतो. म्हणजे ऐन महोत्सवाच्या दिवसांत सहापासून सूर्योदयापर्यंत अख्खा तास हाताशी आहे, ज्यात ललत ललताच्या वेळेला गाता येतो. चारनंतरच्या गाड्यांनी विरार आणि डोंबिवलीहून सहाच्या आत दादरला पोचता येतं. रविवार ठेवायचा. मेगाब्लॉक साधारणपणे साडेदहा-अकरानंतर सुरू होतो, म्हणून साडेनऊला भैरवी. दोनच कलाकार, प्रत्येकी ९० मिनिटं, भाषण नाही, मधे चहा. पहिल्याने ललत किंवा भटियार, दुसऱ्याने तोडी किंवा आसावरी. तानपुरे साडेपाचलाच जुळवून ठेवायचे, कारण उघड्यावर दव पडतं आणि पुडी सैल होते. तबल्याची एक जास्तीची जोडी सुक्या कापडात गुंडाळून बाजूला ठेवायची. आणि जाजम जरा मोठं अंथरायचं, मुलांना आडवं होता येईल एवढं.