सेल्फ मारला की नुसतं 'टक्' वाजतं?

चावी फिरवली की एकदाच 'टक्' आणि पुढे शांत. लगेच स्टार्टर, म्हणजे इंजिन फिरवणारी सेल्फची मोटर, उतरवू नका. गाडी न्यूट्रलला घ्या, हँडब्रेक ओढा आणि मल्टिमीटर काढा.

काही तास बंद असलेली पूर्ण चार्ज बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना ती ९.६ च्या खाली उतरली, तर आधी बॅटरी तपासा. ती ठीक असेल, तर सोलेनॉइडचे (स्टार्टरवरचा, मोटरला करंट जोडणारा चुंबकी स्विच) दोन जाड बोल्ट बघा. 'टक्' वाजताना बॅटरीकडच्या बोल्टवर पूर्ण व्होल्टेज आणि मोटरकडच्यावर काहीच नाही, म्हणजे आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट जळालेत. दोन्हीकडे व्होल्टेज आहे आणि तरी मोटर गप्प, मग दोष बहुतेक ब्रशमध्ये (करंट पोचवणारे कार्बनचे तुकडे) नाहीतर आर्मेचरमध्ये (मोटरचा फिरणारा, कॉइल गुंडाळलेला भाग). सेल्फ फिरतो पण रडत फिरतो, तेव्हा बॅटरीच्या प्लसपासून स्टार्टरच्या बोल्टपर्यंत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त व्होल्टेज वाटेत पडत असेल, तर केबल किंवा टर्मिनल खराब आहे. या केबलपायी कितीतरी चांगले स्टार्टर उगाच बदलले जातात.

उतरवायचाच असेल तर आधी बॅटरीचं मायनस काढा. प्लसची जाड केबल कायम जिवंत असते. पाना बॉडीला टेकला की ठिणग्या उडतात.

उघडल्यावर पहिली नजर कम्युटेटरवर, म्हणजे आर्मेचरच्या टोकाच्या तांब्याच्या पट्ट्यांवर (बार), ज्यांवर ब्रश घासतात. एकसारखा तपकिरी रंग चांगला. शेजारशेजारचे एक-दोन बार काळे, खरवडलेले दिसले, तर तिथलं कॉइल बारपासून सुटलेलं असतं. आता मीटर: कुठल्याही दोन बारमध्ये कंटिन्युइटी (अखंड जोडणी) हवी, बार आणि शाफ्टमध्ये अजिबात नको. कॉइलचे वेढे आपसात शॉर्ट असतील तर साधं मीटर ते पकडत नाही, त्याला ग्राउलर (आर्मेचर तपासायचं यंत्र) लागतो. बारांमधल्या खाचा कार्बनने बुजल्या असतील तर कोरून काढा. घासायला बारीक पॉलिश पेपर घ्या. एमरीची पूड वीज वाहू शकते, ती खाचांत अडकते.

ब्रश मूळ लांबीच्या निम्म्यावर आले की बदला. स्प्रिंग दाबून सोडा, ब्रश होल्डरमध्ये न अडकता सरकला पाहिजे.

पिनियन (इंजिनच्या फ्लायव्हीलला फिरवणारा छोटा गिअर, त्याच्या एकतर्फी क्लचसकट) एका बाजूला मोकळा फिरावा, उलट फिरवताच शाफ्टसकट धरावा. तो पेट्रोलमध्ये बुडवून धुऊ नका, क्लचमधलं ग्रीस निघून जातं. आणि आत चुंबकं असतील तर स्टार्टरच्या बॉडीवर हातोडी नको, ती तडकतात.