हललेला फोटो

परवा दुपारी जेवण झाल्यावर कॅमेऱ्यातले पक्ष्यांचे ४१२ फोटो संगणकावर उतरवून घेतले आणि डोळ्यांवर झापड असतानाच एकेक पुसायला बसलो. कोल्हापूरच्या रंकाळा तलावावरच्या तीन सकाळींची ती कमाई होती. त्यात खंड्याची नुसती शेपटी होती, टिबुकलीने बुडी मारल्यावर पाण्यावर उरलेली वर्तुळे होती, आणि नुकत्याच रिकाम्या झालेल्या फांद्या तर इतक्या होत्या की वनस्पतिशास्त्राच्या एखाद्या विद्यार्थ्याला त्यांचा उपयोग व्हावा. पुसता पुसता एका फोटोशी हात थांबला. फांदी स्पष्ट होती, पाण्यातले केंदाळ पानापानासह स्पष्ट होते, आणि खंड्याच्या जागी निळ्या रंगाचा एक फराटा होता. असा फराटा मी पूर्वी कुठेतरी पाहिला होता.

तो आमच्या जुन्या घराच्या सोप्यात, भिंतीवर होता. मी पाच वर्षांचा असताना आजोबांनी घरातल्या सगळ्यांना ठेवणीतले कपडे घालायला लावून महाद्वार रस्त्याजवळच्या एका स्टुडिओत नेले होते. तिथल्या गृहस्थांनी काळ्या कापडाखाली डोके घातले, पुन्हा बाहेर काढले आणि मला म्हणाले, "बाळ, इकडं बघ हं, यातनं चिमणी उडणार हाय." मोठी माणसे श्वास रोखून बसली. मी मात्र खरोखरच चिमणीची वाट पाहत होतो, आणि ती समोरून येत नाही म्हटल्यावर मागच्या बाजूने निसटली असणार अशा खात्रीने मी मान वळवली. त्या फोटोत आजोबांच्या फेट्याचे पीळ मोजता येतात, आजीच्या नथीतले मोतीही दिसतात. तिच्या मांडीवरच्या मुलाला तेवढा चेहरा नाही. पुन्हा फोटो काढायचा तर पुन्हा पैसे पडणार होते, म्हणून तोच चौकटीत बसवला गेला.

कारण दोन्हीकडे एकच आहे: समोरचे जितक्या वेगाने हलते तितक्या वेगाने कॅमेऱ्याचा पडदा मिटला नाही. बसलेल्या पक्ष्याला १/५०० सेकंद बहुधा पुरतो, उडत्या पक्ष्याला १/२००० सेकंददेखील कधी कधी अपुरा पडतो, हे मला ऐकून ठाऊक होते. परंतु पहाटेच्या अंधुक उजेडात तेवढा वेग मिळवायचा तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची ताकद ठरवणारा आकडा, वाढवावा लागतो, आणि आयएसओ वाढला की फोटो रवाळ होतो, असे कोणीतरी सुरुवातीलाच मनात भरवून दिल्यामुळे मी तो आकडा घरातल्या सोन्यासारखा १०० वर कुलूपबंद ठेवला होता. रवाळपणा मागाहून बराच कमी करता येतो आणि हललेला पक्षी जवळजवळ कधीच सुधारत नाही, एवढे उमगायला माझे तीन महिने गेले.

बाकीची शिकवणी काठावर गळ टाकून बसणाऱ्या एका काकांकडे झाली. मी लांबलचक लेन्स सावरत खंड्यामागे या झाडापासून त्या झाडापर्यंत धावत असे. दोन दिवस त्यांनी ते सहन केले आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, "सर, पळू नगासा त्येच्या मागनं. त्यो हितंच येतोय परत. आनि उभं काय ऱ्हायलाय, बसा की खाली." खंड्या खरोखरच फिरून त्याच फांदीवर येऊन बसला. ओल्या दगडावर बसल्याने विजारीचे जे व्हायचे ते झाले, पण लेन्स पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर आली, मागचे पाणी लांब जाऊन मऊसूत झाले, आणि पक्षी प्रथमच चित्रातल्यासारखा वेगळा उठून दिसला. सूर्य आपल्या पाठीशी ठेवावा हेही त्यांनी सांगितले. अर्थात त्यांचे कारण वेगळे, ते पाण्यावरच्या चकाकीला वैतागलेले होते.

वंचक नावाच्या पाणपक्ष्याने मात्र मला अजून दाद दिलेली नाही. काठावर तो चिखलाच्या रंगाचा होऊन बसतो, म्हणून त्याच्या मापाने उजेड ठरवावा, तर उडताना पांढरेशुभ्र पंख उघडतो आणि फोटोत त्या पंखांच्या जागी कोरा कागद उमटतो. बगळा निदान बसल्यापासूनच पांढरा असतो, त्यामुळे उजेड थोडा आधीच कमी करून ठेवता येतो. वंचकाला हे नाव ज्याने दिले त्याने त्याचा फोटो काढायचा प्रयत्न केला असावा, असा मला संशय आहे.

संध्याकाळपर्यंत ३९० फोटो पुसून झाले. निळा फराटा ठेवला. बायकोने खांद्यावरून डोकावून हे काय आहे म्हणून विचारले, तेव्हा खंड्या आहे असे सांगितले आणि तिला तो अर्थातच दिसला नाही. मग कपाटावरची ती जुनी चौकट उतरवून काच पुसली. त्या दिवशी श्वास रोखून स्थिर बसलेल्यांपैकी आता कोणीही नाही.