तुम्ही विचारलंत म्हणून: एकच तारीख, पण दिवस एकच का?

"एवढ्या मोठमोठ्या घटना नेमक्या एकाच तारखेला कशा? यात काहीतरी असणारच!" दिनविशेष वाचणारे हे विचारतातच. नसतं हो काही. तारखा ३६६, शतकं ढीगभर; गर्दी होणारच. नुसती २३ माणसं जमली, तरी त्यांतल्या कुणातरी दोघांचा वाढदिवस एकच असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते.

खरी गोची वेगळी आहे. ती तारीख 'एकच' असते का, हे कुणी विचारत नाही.

२३ एप्रिल १६१६ घ्या. शेक्सपिअर आणि 'डॉन किहोते' लिहिणारा स्पॅनिश लेखक सर्व्हांटेस एकाच दिवशी गेले, हे वाक्य कितीदा खोडलं तरी पुन्हा उगवतं. स्पेनने १५८२ मध्येच ग्रेगोरियन, म्हणजे आज आपण वापरतो ती, दिनदर्शिका घेतली होती. तिथे ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर उजाडला. इंग्लंड मात्र १७५२ पर्यंत आधीच्या, ज्युलियन दिनदर्शिकेवरच अडून राहिलं. म्हणजे शेक्सपिअरचा २३ एप्रिल हा माद्रिदमध्ये ३ मे होता. त्यात सर्व्हांटेसचा मृत्यू २२ एप्रिलचा, २३ हा दफनाचा दिवस, असं आता बहुतेक अभ्यासक मानतात. दोघांच्या मृत्यूंत ११ दिवसांचं अंतर पडलं. शेक्सपिअरचा जन्मही २३ एप्रिलचाच सांगतात, पण नोंद आहे ती फक्त २६ एप्रिल १५६४ च्या बाप्तिस्म्याची. जन्मतारीख मागाहून अंदाजाने बसवलेली. एवढं सगळं असूनही युनेस्कोचा पुस्तक दिन २३ एप्रिललाच असतो. असू दे, दिवस छान आहे. फक्त 'एकाच दिवशी' म्हणू नका.

ज्युलियन तारीख ग्रेगोरियन करायची तर तिच्यात १५८२ पासून फेब्रुवारी १७०० अखेरपर्यंत १० दिवस मिळवा, मग १८०० च्या फेब्रुवारीपर्यंत ११, १९०० च्या फेब्रुवारीपर्यंत १२, त्यापुढे १३. ही तिन्ही वर्षं ज्युलियनमध्ये लीप, ग्रेगोरियनमध्ये नाहीत, म्हणून दर खेपेला एक दिवस वाढतो. लोक सर्रास सगळीकडे १३ मिळवतात आणि तिथेच फसतात. शिवाय १७५२ आधीचं इंग्रजी वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीच्या घटनेचं सालही तपासावं लागतं.

पूर्वी मी ठासून म्हणायचे, सगळं ग्रेगोरियनमध्ये आणा, विषय संपला. कसला संपतोय! अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांचा जन्मदिवस, ११ फेब्रुवारी १७३१, आपण मुकाट्याने २२ फेब्रुवारी १७३२ करतो. रशियाची ऑक्टोबर क्रांती ७ नोव्हेंबरला मांडतो. शेक्सपिअरला मात्र हात लावत नाही. यात नियम कुठला? सवय आहे, बस.

खरे योगायोगही असतात, तेही कबूल करते. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष अ‍ॅडम्स आणि जेफरसन दोघेही ४ जुलै १८२६ ला गेले, अमेरिकी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला बरोबर ५० वर्षं झाली त्या दिवशी. देश एक, दिनदर्शिका एक. तिथे माझं काही चालत नाही.

आणि दिनदर्शिका एक असली म्हणजे सुटलो, असंही नाही. हवाईतल्या पर्ल हार्बरवरचा जपानी हल्ला ७ डिसेंबर १९४१ चा. मलायात कोटा भारूला जपानी सैन्य उतरायला लागलं ते त्याच्या सुमारे तासभर आधी, पण त्याची तारीख ८ डिसेंबर, कारण दोन्ही ठिकाणांच्या मध्ये तारीख बदलणारी आंतरराष्ट्रीय वाररेषा आहे. आधी घडलेलं दिनविशेषात नंतरच्या पानावर जातं, आणि तरी दोन्ही तारखा बरोबर!