शिळ्या सुपाला ऊत

शिळ्या कढीला ऊत आणणं हा आपल्याकडे टोमणा आहे. मी राहते त्या फ्लॉरेन्समध्ये तो पदार्थ आहे, आणि हॉटेलात त्याचे चांगले दहा-बारा युरो मोजावे लागतात. नाव रिबोल्लिता. 'बोल्लिता' म्हणजे उकळलेली, 'रि' म्हणजे पुन्हा. आईला फोनवर हे सांगितलं तर म्हणाली, "मग शिळी कढीच की गं ती! एवढ्यासाठी विमानानं गेलीस होय?"

इटालियन भाज्यांचं सूप म्हटलं की मला पुण्यातल्या हॉटेलांतलं मिनेस्त्रोने आठवायचं. लालसर पाणी, गाजराचे चौकोनी तुकडे आणि मधूनच पोहणारी चार मॅकरोनी. इथे आल्यावर कळलं की त्या नावातलं 'ओने' हे शेपूट थोरपणाचं आहे. मिनेस्त्रा म्हणजे सूप, मिनेस्त्रोने म्हणजे भलंथोरलं सूप. ते पातळ असूच शकत नाही. गावागणिक त्याची तऱ्हा बदलते. मिलानचे लोक त्यात तांदूळ घालतात, जेनोवाचे लोक शेवटी चमचाभर पेस्तो, म्हणजे बेसिलची हिरवी चटणी, कालवतात. तोस्कानाच्या, म्हणजे आमच्या भागातल्या लोकांनी तांदूळ आणि पास्ता दोन्ही बाजूला ठेवून त्यात शिळा पाव घातला.

पहिल्या हिवाळ्यात मी हे सूप व्हिडिओ बघून करायला घेतलं. पाव कुठलाही चालेल अशा समजुतीनं सुपरमार्केटातला सँडविचचा मऊ पांढरा पाव आणला आणि उकळत्या सुपात कुस्करला. अर्ध्या तासात निवडणुकीची पोस्टरं चिकटवायची खळ तयार! शिवाय घेवड्याच्या बिया कच्च्या राहिल्या, म्हणून तेवढ्याच वेगळ्या काढून लातूरहून आणलेल्या कुकरात घातल्या. तिसरी शिट्टी झाली आणि दारावर थापा पडल्या.

खालच्या मजल्यावरच्या सिन्योरा. वय ऐंशीच्या पुढे, अंगात एप्रन, पायात लोकरी सपाता. "गॅस बंद कर! काहीतरी फुटतंय!"

इथले कुकर नुसते फुसफुसतात, शिट्टी मारत नाहीत. मी त्यांना कुकर दाखवला, शिट्टी हातात देऊन दाखवली. त्यांचं लक्ष तोवर पातेल्याकडे गेलं होतं. त्यांनी पळी घेऊन त्यात खुपसली. पळी सरळ उभी राहिली. "पळी उभी राहतेय, एवढं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "बाकी सगळं चुकलंय."

पुढच्या शनिवारी सकाळी त्या मला सांताम्ब्रोजोच्या मंडईत घेऊन गेल्या. ही १८७३ सालची लोखंडी मंडई, म्हणजे आपल्या पुण्याच्या मंडईपेक्षा दहाएक वर्षांनी थोरली. पर्यटक सान लोरेन्झोच्या मोठ्या मंडईत गर्दी करतात, पिशवी घेऊन निघालेल्या म्हाताऱ्या इथे येतात. पहिला धडा: भाजीला हात लावायचा नाही. निवडून, दाबून, नखानं टोचून बघायची आपली सवय इथे भलतीच अंगाशी येते. काय करणार आहात ते सांगायचं, भाजीवाला त्याप्रमाणे काढून देतो. सिन्योरांनी 'रिबोल्लिता' एवढंच म्हटलं आणि त्यानं न विचारता कावोलो नेरोची जुडी पुढे केली. शब्दशः काळा कोबी, पण गड्डा नसतो. हातभर लांब पानं, काळपट हिरवी, मगरीच्या पाठीसारखी खडबडीत. सिन्योरांनी एकच प्रश्न विचारला, "याला गारठा लागलाय ना?" बर्फासारखी थंडी एकदा पडून गेली की हे पान मऊ आणि गोडसर होतं. त्याआधीचं त्या घेत नाहीत.

पैसे दिल्यावर भाजीवाल्यानं पिशवीत एक गाजर, सेलरीची एक दांडी आणि पार्सलीच्या चार काड्या अशाच टाकल्या. याला ओदोरी म्हणतात, म्हणजे वास. ओळखीच्या गिऱ्हाइकाकडून त्याचे पैसे घेत नाहीत. मला तिथेच भरून आलं, खोटं कशाला सांगू. लातूरच्या गंजगोलाईतल्या भाजीवाल्या मावशी भाजी तोलून झाल्यावर वरून मूठभर कोथिंबीर आणि कढीपत्ता टाकायच्या, अगदी तोच हात.

मग पाव. तोस्कानाच्या पावात मीठ नसतं, अजिबात नसतं. बाराव्या शतकात पिसावाल्यांनी मीठ अडवलं म्हणून फ्लॉरेन्सवाले अळणी पाव खायला लागले, अशी गोष्ट इथे सगळेच सांगतात. खरं-खोटं इतिहासकारांनी बघावं. इथे या पावाला 'शोक्को' म्हणतात. बाकी इटलीत या शब्दाचा अर्थ खुळा, इथे अळणी. पहिल्या घासाला मलाही तो खुळाच वाटला होता. पण त्याची जाड साल आणि आंबवलेला घट्ट गर दोन-तीन दिवसांनी दगडासारखा होतो आणि सुपात पडला की पाणी पितो, विरघळत नाही. खळ होत नाही ती त्यामुळे.

आता कृती. सहा जणांना पुरेल इतकी सांगते, कारण दोघांपुरती ही करूच नये.

पाव किलो कान्नेल्लिनी, म्हणजे पांढरा राजमा, रात्री भिजत घालायचा. तोस्कानाच्या लोकांना बाकीचे इटालियन 'मांजाफाजोली' म्हणजे घेवडेखाऊ म्हणून चिडवतात, त्यामुळे इथे फार काळजीनं वागायचं. सकाळी ताज्या पाण्यात लसणाच्या दोन न सोललेल्या पाकळ्या, सेजची चार पानं आणि थोडं ऑलिव्ह तेल घालून मंद आचेवर ठेवायचं. रटरटू द्यायचं नाही, पाणी नुसतं थरथरलं पाहिजे. पूर्वी वाइनच्या रिकाम्या फुगीर बाटलीत घेवडा भरून चुलीच्या निखाऱ्यात रात्रभर ठेवत. टोमॅटो आधीच घातला तर आंबटपणानं साल कडक राहते. माझं पहिल्या वेळी तेच झालं होतं. शिजल्यावर अर्ध्या बिया त्यांच्याच पाण्यात घोटून घ्यायच्या, अर्ध्या अख्ख्या ठेवायच्या. (मी अजूनही कुकरच लावते. सिन्योरांना सांगितलेलं नाही, पण शिट्टी त्यांना ऐकू जातेच.)

एकीकडे सोफ्रित्तो. एक मोठा कांदा, दोन गाजरं, सेलरीच्या दोन दांड्या, सगळं बारीक चिरून सढळ ऑलिव्ह तेलात. ही त्यांची फोडणी, पण आपल्या फोडणीचा नि तिचा स्वभाव अगदी उलट. आपली मोहरी तडतडली की अर्ध्या मिनिटात काम संपतं, आणि घरात ठसका लागल्याशिवाय फोडणी झाली असं वाटत नाही. इथे वीस मिनिटं मंद आचेवर परतत बसायचं, आवाज नाही, धूर नाही, कांद्याला रंगसुद्धा येऊ द्यायचा नाही. माझा हात दोनदा मोहरीच्या डब्याकडे गेला. दोन्ही वेळा सिन्योरांनी डोळ्यांनीच परत पाठवला.

त्यावर दोन बटाटे, कावोलो नेरोची जुडी (मधल्या जाड शिरा काढून), अर्धा सुरकुत्या पानांचा कोबी, मोठ्या पालकासारखी दिसणारी बियेतोला नावाची पालेभाजी, डब्यातले दोन-तीन सोललेले टोमॅटो आणि थाइमची काडी. पाला बघून पातेलं पुरणार नाही असं वाटतं, दहा मिनिटांत तो बसतो. मग घोटलेला घेवडा पाण्यासकट, मीठ, आणि दीड-दोन तास मंद आच. अख्ख्या बिया शेवटी.

मग पातेल्यात शिळ्या पावाच्या चकत्यांचा एक थर, त्यावर सूप, पुन्हा पाव, पुन्हा सूप. झाकण. संपलं.

मी वाट्या काढल्या तर सिन्योरा म्हणाल्या, "आज खाल्लंस तर ही नुसती मिनेस्त्रा दि पाने, पावाचं सूप. रिबोल्लिता उद्या." आणि पातेलं उचलून थंड खिडकीत ठेवायला लावलं. त्यांचे वडील फ्लॉरेन्सच्या उत्तरेला मुजेल्लोत दुसऱ्याच्या जमिनीवर राबायचे. मेझाद्रिया म्हणजे आपली बटई, अर्धं पीक मालकाला. तसे नवे करार करायला १९६४ च्या कायद्यानं बंदी आली. त्यांच्या घरी शुक्रवारी, मांस न खाण्याच्या दिवशी, मोठं पातेलं भरून हे सूप व्हायचं आणि उरलेलं शनिवारी पुन्हा तापायचं, उरलं तर रविवारीसुद्धा. "आम्हाला हे आवडायचं असं नाही," त्या म्हणाल्या. "पाव टाकून देता येत नव्हता."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही ते उकळलं. पाव आणि भाजी यांच्यातली सीमारेषा गेली होती. ताटलीत वाढून वर सिन्योरांनी नोव्हेंबरात गाळलेलं नवं ऑलिव्ह तेल ओतलं, कच्चंच, हिरवंगार, घशाला झोंबणारं. मी चीज किसायला घेतलं तर त्यांनी किसणी काढून घेतली. त्यांच्या घरी रिबोल्लितावर चीज नाही, पातळ चिरलेला लाल कांदा चालेल.

पहिल्या घासाला मला येळवस आठवली. लातूरकडच्यांना सांगायला नको. मार्गशीर्षाच्या अमावस्येला शेतात कडब्याची कोप, बाजरीचे उंडे, आंबील आणि भज्जी. भज्जीत तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे ओले दाणे, शेतात असेल ती भाजी आणि वर बेसन लावून घट्ट केलेला सगळा मेळ. भज्जी दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं, पण पाहुण्यांसमोर कुणी म्हणायचं नाही. आणि आजी भाकरीवर चटणीशेजारी करडीचं कच्चं तेल ओतायची, मधोमध खळगा करून. हे मी सिन्योरांना मोडक्या इटालियनमध्ये सांगितलं. त्यांनी फक्त करडीचं तेल झोंबतं का, एवढं विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांचा त्यातला रस संपला.

आईनं मात्र लातुरात करून बघितलं. कावोलो नेरो नाही म्हणून मेथी आणि पत्ताकोबी, पावाऐवजी दोन दिवसांची ज्वारीची भाकरी, आणि "एवढं सपक कोण खाईल" म्हणून हिरव्या मिरचीचा ठेचा. वडिलांनी दोनदा मागून घेतलं. नाव विचारलं तर आई म्हणाली, "काय की, पोरीनं सांगितलेली भज्जी."

तिसऱ्या दिवशी तळाशी जे वाटीभर उरतं ते मी लोखंडी तव्यावर तेल सोडून पसरते आणि खालून करपायला आलं की उलथते. इथलेही काही लोक असंच करतात. कडेला खरपूस खरवड धरते. नवरा एरवी सूप बघून नाक मुरडतो, पण तव्याचा वास आला की उलथनं घेऊन शेजारी येऊन उभा राहतो. कडेचा तुकडा मी आधीच खाल्लेला असतो.