शेजाऱ्याला सांगितलेले गुपित

नेदरलँड्समधील वेस्टलँड भागात टोमॅटोच्या हरितगृहात काम करू लागल्यापासून मला सर्वांत अधिक नवल वाटले ते येथील बागायतदारांच्या अभ्यासमंडळांचे. एकच पीक घेणारे बागायतदार ठरलेल्या दिवशी कोणा एकाच्या हरितगृहात जमतात, ओळींमधून फिरतात, शेंड्याची जाडी बोटांत धरून पाहतात, आणि यजमान आपले दर चौरस मीटरचे उत्पादन, रात्रीचे तापमान, पाण्यातील क्षारांचे प्रमाण हे सारे सांगून टाकतो. एखादी ओळ रोगाने पिवळी पडली असेल, तर तीही लपवत नाही. ऐकणाऱ्यांमध्ये त्याचा कुंपणालगतचा शेजारीही असतो.

गोव्याच्या अंत्रुज महालातील कुळागरांत, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागांत, वाढलेल्या माणसाला हे पचायला जड जाते. आपल्याकडे झाडपाल्याचे औषध देणारे अनेकजण झाडाची मुळी ओळखू येऊ नये म्हणून ती घरूनच ठेचून आणतात, आणि झाडाचे नाव विचारले की, सांगितल्यास गुण जातो, असे म्हणून विषय मिटवतात.

वेस्टलँडच्या मोकळेपणाचे मूळ केवळ चांगुलपणात शोधू नये. 1887 साली नेदरलँड्सच्या उत्तरेकडील ब्रुक ऑप लांगेडाइक या गावी भाजीपाल्याचा लिलाव सुरू झाला आणि पुढे दीर्घकाळ वेस्टलँडमधीलही बहुतेक माल बागायतदारांच्या सहकारी लिलावगृहांतूनच विकला गेला. भाव तेथे ठरत असल्यामुळे शेजाऱ्याचे चार टोमॅटो वाढल्याने आपले काही बिघडत नसे. खरी चढाओढ स्पेनच्या मालाशी होती, आणि शेजाऱ्याचा माल हलका निघाला तर साऱ्या भागाचेच नाव खराब होई. शिवाय आकडे उतरवून घेणाऱ्याच्या हाती तरी काय लागते? ढगाळ सकाळी झडपा किती आणि केव्हा उघडायच्या, हा अंदाज वहीत उतरत नाही. यजमानाला मात्र अनुभवी डोळ्यांची तपासणी फुकटात मिळते.

या मोकळेपणाला सीमाही आहेत. 1980 च्या दशकाच्या अखेरीस टोमॅटोच्या परागीभवनासाठी बंबलबी या केसाळ मधमाश्यांच्या पेट्या आल्या आणि फुलांचे घोस एकेक करून हाताने हलवण्याचे काम संपले. त्या माश्या वर्षभर पैदा करण्याचे तंत्र मात्र ते साधलेल्या कंपन्यांनी झाकूनच ठेवले, कारण त्यांचा सारा धंदा त्या तंत्रावर उभा होता. अलीकडे मोठे बागायतदार थेट सुपरमार्केटला माल देऊ लागले आहेत, आणि त्यांनीही बोलताना थोडा हात आखडता घेतलेला जाणवतो.

येथून जवळच असलेल्या लायडनच्या वनस्पती उद्यानाची सुरुवातीची लागवड क्लुसियस या वनस्पतितज्ज्ञाच्या देखरेखीखाली झाली, आणि या क्लुसियसचा गोव्याशी संबंध आहे. पणजीच्या चर्चसमोरील उद्यानाला ज्यांचे नाव दिले गेले, त्या गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्यांनी 1563 साली गोव्यातच छापलेल्या संवादरूप ग्रंथात तेथील औषधी द्रव्यांविषयीचे आपले ज्ञान हातचे न राखता पोर्तुगीज भाषेत मांडले. क्लुसियसने त्यातील संवाद मोडून 1567 साली लॅटिन संक्षेप काढला, तर 1578 मध्ये क्रिस्तोबाल आकोस्ता या दुसऱ्या वैद्यांनी त्याच सामग्रीच्या आधारे चित्रांसह स्पॅनिश ग्रंथ प्रसिद्ध केला. 1580 साली गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, ऑर्तांच्या अस्थी उकरून जाळल्या, परंतु तोवर त्यांचे लेखन युरोपभर पसरले होते. नक्कल झाली नसती, तर पोर्तुगीज न जाणणाऱ्या किती वाचकांपर्यंत ते पोहोचले असते, याची मला शंका आहे.

माझी तक्रार वेगळ्याच ठिकाणी आहे. क्लुसियसने आपल्या आवृत्तीत ऑर्तांचे नाव राखले. पण ऑर्तांना ज्यांनी झाडे ओळखून दिली आणि काढे समजावले, त्या स्थानिक वैद्यांपैकी बहुतेकांची नावे आज कोणालाही ठाऊक नाहीत. अभ्यासमंडळात कोणती युक्ती कोणाची हे सर्वांना माहीत असते, आणि ती वापरताना अडचण आली की माणसे त्यालाच फोन करतात. त्या वैद्यांच्या वाट्याला तेवढेही आले नाही. त्यामुळे मुळी ठेचून आणणाऱ्या आपल्याकडच्या माणसाला मी आता पूर्वीसारखा सरसकट कोता म्हणत नाही.